केसांना मोरपंखी रंग करायचाय, पण आधी मेंदीचं काय करू?

खाडीकाठ | ६ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी सीवूड्सला राहते, वय ५१. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, ३१ मे शेवटचा दिवस. निरोपाला शाल, श्रीफळ आणि घड्याळ मिळालं. घड्याळाची गरज नेमकी त्याच दिवशी संपली, पण असो.

घरी आल्यावर लेकीने विचारलं, "आई, आता काय करणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "केस मोरपंखी." ती हसली. मी नाही हसले. काउंटरवर बसून इतकी वर्षं हे मनात होतं, हे मलाही तेव्हाच कळलं.

तर माहिती अशी: केस खांद्याच्या खाली चार बोटं. मूळचे काळेभोर, आता पुढे कपाळावर दोन बोटं रुंद पांढरी पट्टी आणि बाकी मीठमिरी. ११ वर्षं घरची मेंदी, दर तीन आठवड्यांनी. कात, चहाचं पाणी, लोखंडी कढईत रात्रभर भिजवून, आजी करायची तसंच. शेवटची होळीच्या आधी लावली. पार्लरमध्ये जायच्या आधी घरी काय तयारी करायची? की थेट जाऊन बसायचं?

---

घंटाळीची_कात्री | ६ जून, रात्री ११:२५

ताई, आधी अभिनंदन. माझं ठाण्यात घंटाळीजवळ छोटं पार्लर आहे, १७ वर्षं झाली. एक सांगते, रंग हा शेवटचा अर्धा तास असतो. त्याआधीचं सगळं काम म्हणजे केसांवर आत्तापर्यंत काय काय बसलंय त्याची चौकशी.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुमची लांबी धरली तर टोकाचा केस तीनेक वर्षांपूर्वीचा. म्हणजे ११ वर्षांची मेंदी डोक्यावर नाहीच, शेवटच्या तीन वर्षांची आहे. बाकीची कधीच कात्रीखाली गेली. पण या तीन वर्षांत जे जे लावलंत ते सगळं अजून तिथेच आहे, धुतल्याने गेलेलं नाही. म्हणून खरं सांगा, फक्त मेंदीच ना? भाच्याच्या लग्नाला, मुंजीला, कधी पटकन पाकिटातली काळी पूड वगैरे?

आता रंगाचं. काळ्या केसावर मोरपंखी नुसता लावला तर फार तर उन्हात निळसर झाक दिसेल. दिसायचा असेल तर आधी ब्लीच. ब्लीच केलं की आपला काळा केस एकदम पिवळा होत नाही. आधी विटकरी, मग नारिंगी, मग पिवळट नारिंगी, मग पिवळा, आणि सगळ्यात शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. मोरपंखीला निदान स्वच्छ पिवळा हवा. आणि मेंदीचे केस नारिंगीवर येऊन अडून बसतात, हलता हलत नाहीत. नारिंगीवर निळा घातला की काय होतं? नाल्याचं पाणी.

तेच राणी कलर, डाळिंबी, शेंदरी म्हणालात तर नारिंगीवर मस्त बसतात. विचार करा.

---

निळाभोर | ७ जून, सकाळी ८:०५

काकू, भारी! (काकू चालेल ना?) मी ऐरोलीला नोकरीला, ठाण्याहून रोज ट्रान्स-हार्बरने जातो. मागच्या वर्षी मे महिन्यात पूर्ण डोकं निळं केलं. बाकी सगळं नीट विचारलं होतं, फक्त पावसाळा विसरलो.

पहिला पाऊस ठाण्याला गाडीत चढताना लागला. ऐरोलीला उतरेपर्यंत पांढऱ्या शर्टाची कॉलर आकाशी, कानामागून ओघळ. एक आजी म्हणाल्या, "बाळा, पेन फुटलं वाटतं." मी हो म्हणालो. सोपं पडलं.

तेव्हा तयारीच्या यादीत काळा टॉवेल, गडद उशीचा अभ्रा आणि मोठी छत्री. पहिले दोन-तीन आठवडे पांढरं काही घालायचं नाही. आणि बाथरूमच्या लाद्यांमधला पांढरा सिमेंट निळा झाला की आई वर्षभर ऐकवते, हेही.

---

खाडीकाठ | ७ जून, सकाळी ९:३०

काकू चालेल. आंटी म्हणालास तर धागा बंद करीन.

@कात्री, तुम्ही ज्योतिषी आहात का? भाच्याचंच लग्न होतं. दीड वर्षापूर्वी, आणि नंतर एका बारशाला. पाकिटातली काळी पूड, दोनदा. मी स्वतःशीसुद्धा ते मोजत नव्हते.

---

घंटाळीची_कात्री | ७ जून, सकाळी ९:४१

सगळ्या जणी दुसऱ्या दिवशीच कबूल करतात.

---

रबाळे_प्लॉट_नंबर | ७ जून, दुपारी १:१५

इथे माझ्या धंद्याचा विषय आला म्हणून लिहितो. रबाळे एमआयडीसीत रसायनांच्या कामात आयुष्य गेलं.

ब्लीच म्हणजे दोन गोष्टी: पावडर (परसल्फेट) आणि डेव्हलपर, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर २०, ३०, ४० व्हॉल्यूम लिहितात, त्याचा अर्थ एक लिटर द्रावणातून तितके लिटर ऑक्सिजन निघतो. २० म्हणजे सुमारे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. घरी २० च्या वर जाऊ नका. ४० घेतलं की लवकर होईल असं वाटतं, पण डोक्याच्या कातडीला लवकर काय होतं तेही बघा. परसल्फेटच्या धुळीने दमा उठतो, पार्लरमध्ये रोज काम करणाऱ्यांचा तो ठाऊक असलेला व्यावसायिक आजार आहे. ज्यांना दमा आहे त्यांनी तर पावडर कालवायला बसूच नये.

आता खरी काळजी. तुमची लोखंडी कढई! कात आणि चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळपट होतं, म्हणूनच आजीची मेंदी छान गडद चढायची. पण ते लोह थोडं केसावरही बसतं, आणि लोह दिसलं की पेरॉक्साइड भराभर फुटायला लागतं. शिवाय पाकिटातल्या काही पुडींत धातूचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होतो, कधी वाफ निघते, आणि तिथेच तुटतो. शुद्ध मेंदीचं असं होत नाही, ती फक्त हट्टी असते.

म्हणून आधी एक बट कापा, मानेवरची आतली. प्लॅस्टिकच्या डब्यात २० व्हॉल्यूम डेव्हलपर आणि थोडा अमोनिया, त्यात अर्धा तास बुडवा. खिडकी उघडी ठेवा, डब्यावर झाकण नको, वाटी धातूची नको. डबा तापला, फेस आला, वास आला, रंग विचित्र झाला, तर त्या केसांवर ब्लीच हा विषय संपला.

जाता जाता: हे सगळे कृत्रिम रंग सुरू झाले ते १८५६ साली, विल्यम पर्किन नावाचा १८ वर्षांचा पोरगा क्विनीन बनवायला गेला आणि हाताला जांभळा रंग लागला तेव्हापासून. त्या आधी

---

निळाभोर | ७ जून, दुपारी १:२२

काका, वाक्य अर्धं पाठवलंत.

---

रबाळे_प्लॉट_नंबर | ७ जून, दुपारी १:३०

बायकोने जेवायला बोलावलं. राहू दे, विषयांतरच होतं.

---

आबा_कोपरीकर | ७ जून, सायं. ६:५०

मी जुन्या वळणाचा माणूस. ५१ व्या वर्षी मोरपंखी डोकं मला झेपणारं नाही, सांगून टाकतो. आमच्या कोपरीत तर देवळात जाईपर्यंत चार जण थांबवतील.

पण ते तुमचं तुम्ही बघा. मी लिहितोय ते वेगळ्या कारणाने. २० वर्षं मी मिशीला आणि कल्ल्यांना काळी मेंदी लावत होतो. मेंदी म्हणजे झाडपाला, असा समज. कधी काही झालं नाही. मग एका रविवारी लावली, रात्री कानशिलं खाजायला लागली, सकाळी दोन्ही डोळे मिटलेले. उघडेनात. ओठ असे सुजले की चहा बशीतून पिता येईना. मुलगा दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी पाकीट मागवलं, वाचलं आणि म्हणाले, आबा, यात मेंदी नावाला आहे, काळा रंग पीपीडीचा आहे. पॅराफेनिलिनडायमिन. २० वर्षं चाललं म्हणजे २१ व्या वर्षी चालेल असं नाही, शरीर एक दिवस अचानक हिशेब मागतं.

ताई, तुम्ही ती पूड दोनदा लावली आहेत. कानामागे थोडा रंग लावून दोन दिवस, पूर्ण ४८ तास, थांबल्याशिवाय डोक्याला काही लावू नका. मोरपंखी असो की काळा. ही विनंती समजा.

---

खाडीकाठ | ७ जून, रात्री ८:१०

आबा, मनापासून आभार. तुम्ही म्हणता तसंच करीन. देवळातल्या चार जणांचं नंतर बघू.

---

पैठणी_प्रेमी | ८ जून, सकाळी ११:००

मोरपंखीच का? चिंतामणी का नाही? माझ्याकडे एक साडी आहे, डोळे निवतात.

---

घोडबंदरची_टँकरवाली | ८ जून, सकाळी ११:२०

चिंतामणी म्हणजे निळा-जांभळा ना?

---

पैठणी_प्रेमी | ८ जून, सकाळी ११:२४

छे, हिरवट निळा. जांभळ्याकडे झुकला की तो आनंदी.

---

निळाभोर | ८ जून, सकाळी ११:३१

माझी आजी राखाडीलाही चिंतामणी म्हणते. इथून पुढे कृपया फोटो लावून भांडा.

---

घोडबंदरची_टँकरवाली | ८ जून, दुपारी १२:१५

माझं नाव उगाच नाही पडलेलं. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअर आणि टँकर यांवर दिवस काढतो. गेल्या वर्षी दोन बटा जांभळ्या करून घेतल्या, पैसे बऱ्यापैकी मोजले, तिसऱ्या धुण्याला मळकट करड्या. सलूनवाल्याने माझ्या शांपूला दोष दिला, मी त्याला. मग माहेरी डोंबिवलीला पंधरा दिवस राहिले तर राहिलेला रंग जागचा हलला नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार केसावर बसतात, रंग निस्तेज दिसतो आणि साबणाला फेसही येत नाही. आता शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घेते, सासूबाईंच्या नजरेआड.

नवी मुंबईकरांनो, तुमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी. तुम्हाला नाही कळायचं.

---

निळाभोर | ८ जून, दुपारी १२:४०

पाणी गार मात्र हवं, कुठलंही असलं तरी. गरम पाण्याने रंग झराझरा उतरतो. आणि पोहायला जात असाल तर विसरा, फिकट केस तलावाच्या पाण्यात हिरवे होतात.

---

घंटाळीची_कात्री | ८ जून, दुपारी ३:०५

अजून थोडी तयारी सांगते, कुणाला लागेल.

ब्लीचच्या आदल्या दिवशी डोकं धुऊ नका. दोन दिवसांचा तेलकटपणा डोक्याच्या कातडीला वाचवतो. खोबरेल आदल्या रात्री लावलं तरी चालतं, ब्लीच त्यावरून चढतं. मी तर सांगतेच लावायला. २००३ साली मुंबईच्याच संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. केसातलं प्रोटीन कमी निघून गेलं ते फक्त खोबरेलाने. आपल्या आज्यांना पेपर वाचायची गरज नव्हती, हा भाग वेगळा.

कपाळाच्या कडेला, कानांवर, मानेवर व्हॅसलीन. ब्लीच लावताना मुळं शेवटी. डोक्याच्या उबेने मुळांशी ते भराभर चढतं, आधी लावलंत तर मुळं पिवळी आणि खालचे नारिंगी, टोपी घातल्यासारखं दिसतं. माझ्याकडे आठवड्याला एक तरी अशी टोपी दुरुस्तीला येते.

---

खाडीकाठ | १४ जून, दुपारी ४:२०

बट कापली. सविस्तर लिहिते, कारण वाट बघताना मी या बटेशी जरा जास्तच बोलले.

मानेवरून दोन बटा, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या, मुळाकडचं टोक दोऱ्याने बांधलं. श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, गॅलरीत. पहिल्यात रबाळेदादांनी सांगितल्याप्रमाणे डेव्हलपर आणि अमोनिया. पाच मिनिटं काही नाही. मग खालच्या टोकाशी बारीक बुडबुडे, सोडा उघडल्यासारखे. दहाव्या मिनिटाला डब्याला हात लावला तर कोमट. उन्हाने नाही, गॅलरीत ऊन नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं, कळतंय. पण दुसरा डबा समोर होता. त्यात ब्लीच, २० व्हॉल्यूम, बट पूर्ण माखली. २५ मिनिटांनी धुऊन काढली तर एकाच बटेत तीन मजले. मुळाकडचा होळीनंतर वाढलेला भाग पिवळट नारिंगी. मधला मेंदीचा भाग असा शेंदरी की मारुतीला लावावा. आणि खालचा पाकिटवाला भाग ओला असताना ओढला तर रबरासारखा लांब झाला, लांब झाला आणि तुटला. आवाजसुद्धा नाही आला.

एक गंमत मात्र. मुळाकडच्या भागात काही पांढरे केस होते. ते होते तसेच पांढरे राहिले.

---

रबाळे_प्लॉट_नंबर | १४ जून, दुपारी ४:४५

कोमट म्हणजे उत्तर मिळालं. डोकं वाचलं तुमचं. एका अख्ख्या डोक्याला हे लावलं असतं तर मला विचारही करवत नाही.

---

घंटाळीची_कात्री | १४ जून, सायं. ५:३०

ताई, थांबा. पांढरे पांढरेच राहिले म्हणालात ना? राहणारच. ब्लीच काळा रंग काढतं, आणि पांढऱ्या केसात काढायला काही नाहीच. मग तिथे ब्लीच लावायचंच कशाला?

तुमच्या कपाळावर दोन बोटं पांढरी पट्टी आहे. मुली माझ्याकडे तासन्‌तास बसून, डोकं जाळून घेऊन जो फिकटपणा विकत घेतात, तो तुमच्याकडे आयता आहे. सेमी-परमनंट रंग घ्या, ज्याला डेव्हलपर लागत नाही, तो नुसता वरून बसतो. बहुतेकांत पीपीडी नसते, तरी आबांचं ऐकून ४८ तास कानामागे लावाच. न जाळलेल्या पांढऱ्या केसावर तो जरा कमी गडद चढतो आणि लवकर उतरतो, पण चढतो.

अडचण एकच, आत्ता पांढरं मुळाशी फक्त साडेतीन-चार सेंटिमीटर आहे, खाली मेंदी. एक तर वाट बघा, नाही तर आखूड कापा. मी आज एक चाचणी सांगते: उरलेल्या बटेतले पांढरे वेगळे करा, त्यांना मोरपंखी लावा, ४० मिनिटं ठेवा.

---

खाडीकाठ | १७ जून, रात्री ९:००

लावला. सात केस होते, भिंगातून बघावेत असे. वर्तमानपत्रावर ठेवले आणि नवऱ्याला हाक मारली. तो चष्मा लावून आला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हा पक्ष्याचा आहे का?"

मी वाट बघणार आहे. ११ वर्षं ज्या पट्टीवर दर तीन आठवड्यांनी मेंदी थापली तीच आता रोज सकाळी मोजते. लेक म्हणते आई झाडाला पाणी घालतेस तशी आरशासमोर उभी राहतेस.

---

पैठणी_प्रेमी | १७ जून, रात्री ९:३५

तुमच्या सीवूड्सच्या तळ्यावरच्या फ्लेमिंगोंनाही गुलाबी राहायला शेवाळ खात राहावं लागतं, त्यातूनच रंग येतो त्यांचा. बंद झालं की पिसं फिकी. तेव्हा रंगाची बाटली एक नको, दोन आणा.

---

खाडीकाठ | ५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मंडळी, धागा वर काढते.

गेल्या शनिवारी केस कापले. बॉयकट. नेरूळच्या ज्या बाईंकडे इतकी वर्षं ट्रिम करायला जायचे त्यांनी कात्री हातात घेऊन तीनदा विचारलं, "नक्की ना?" वेणीएवढी मेंदी जमिनीवर पडली. नंतर झाडूने गोळा केली तेव्हा उजेडात ती खरंच सुंदर लाल दिसत होती, हे कबूल करते.

सोमवारी कानामागे रंग. बुधवारपर्यंत काही नाही, ना खाज ना लाली. काल दुपारी लेकीने हातमोजे घालून पुढच्या पट्टीला मोरपंखी लावला, बाकी मीठमिरी तसंच ठेवलं. कपाळाला व्हॅसलीन इतकं की माशी घसरली असती. ४५ मिनिटं, मग गार पाणी. निळं, निळं, निळं, मग हिरवट, मग जवळपास स्वच्छ. लाद्यांच्या फटींबद्दल निळाभोरने सांगितलं होतं, तरी विसरले. गेल्या.

पट्टी कानापासून कानापर्यंत नाही, डाव्या भांगाजवळ जास्त, उजवीकडे कमी, कारण पांढरे तिथे कमी आहेत. मला वाटलं होतं ते खटकेल.

मिसळायची कल्पना लेकीची: उरलेल्या रंगातला चमचाभर कंडिशनरच्या डब्यात ढवळून ठेवला आहे, दर आठवड्याला तोच लावायचा. आज सकाळी पाम बीच रोडला फिरायला गेले. रोजचे जोशी आजोबा गुड मॉर्निंग म्हणून चार पावलं पुढे गेले, थांबले आणि वळून बघितलं. मी हात केला. त्यांनीही केला.

---

निळाभोर | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

काकू!!! नवरात्रात मोरपंखी दिवस आला तर तुम्हाला साडी नेसायची गरज नाही. म्हणजे, नेसा, पण वेगळ्या रंगाची. तुम्हाला कळलं.

---

घंटाळीची_कात्री | ५ सप्टेंबर, सकाळी १०:००

डावीकडे जास्त असलेलंच छान दिसतं, माझ्याकडे लोक तसं मुद्दाम करून घेतात. पंधरा दिवसांनी मुळाशी रिकामं दिसायला लागेल, घाबरू नका. शांपू आठवड्यातून दोनदाच, सल्फेट नसलेला.

---

आबा_कोपरीकर | ५ सप्टेंबर, सायं. ७:१५

कानामागे दोन दिवस थांबलात हे वाचून बरं वाटलं.

एक शंका, हसू नका. हा जो डेव्हलपर नसलेला, पीपीडी नसलेला प्रकार आहे, तो तपकिरीत मिळतो का? मिशी पूर्ण पांढरी आहे.

---

घंटाळीची_कात्री | ५ सप्टेंबर, सायं. ७:३२

मिळतो आबा. पण तुम्हाला एकदा जोराची रिअॅक्शन येऊन गेली आहे, आणि काही सेमी-परमनंट रंगांतही पीपीडीच्या भावंडांपैकी एखादं असतं. आधी त्वचेच्या डॉक्टरांना बाटली दाखवा, मग कानामागे, मग मिशी. आणि खरं सांगू का, बशीतून चहा पिणार असाल तर पहिले आठ दिवस चहा तपकिरीच पिताय असं समजा.

---

आबा_कोपरीकर | ५ सप्टेंबर, सायं. ७:४०

चहा तसाही तपकिरीच असतो. सोमवारी डॉक्टरांकडे जातो.